घरी क्रीम-बाम बनवायला शिकताय? आधी वजनकाटा घ्या

पहिलं म्हणजे चमच्याने मापणं सोडा, 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, सगळं वजनात आणि टक्क्यांत लिहा, म्हणजे जमलेलं परत करता येतं.

सुरुवात पाणी नसलेल्या गोष्टीने करा, टाचांच्या भेगांचा बाम बेस्ट. 50 ग्रॅमसाठी मधमाशीचं मेण 15, खोबरेल 20, करडईचं तेल 15. करडई आपल्या सोलापूरकडचीच, पण तिचं तेल लवकर खवट होतं म्हणून थोडंच बनवा आणि दोन थेंब व्हिटॅमिन ई टाका. पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलची वाटी ठेवा, मेण 62-64 अंशाला वितळतं, डायरेक्ट गॅसवर नको. मेण एवढं जास्त का, तर खोबरेल 24 अंशाच्या वर पातळच असतं आणि आपला मे महिना तर माहितीये, माझा पहिला बाम डबीत अक्षरशः रस्सा झाला होता! वास हवा तर लव्हेंडर इसेन्शिअल ऑइल अर्धा ग्रॅम, म्हणजे 1 टक्का, बास.

पाणी, गुलाबजल, कोरफड काहीही आलं की प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारा पदार्थ) लागतोच, व्हिटॅमिन ई ते काम करत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तरी जंतू वाढतातच. लिंबू न् खाण्याचा सोडा चेहऱ्यावर नकोच, लिंबू लावून आपल्या उन्हात गेलात तर डाग पडतील.

वापरायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24-48 तास थांबा, त्वचेला त्रास होत नाही ना ते बघा. डबीवर तारीख लिहायला विसरू नका, मी विसरते.