पॅकर्स-मूव्हर्स ठरवताना या चुका टाळा

कोथरूडहून बंगळूरूला घर हलवलं तेव्हा ट्रक तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या नव्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मॅडम, ऑफिसने सांगितलंय, साडेअकरा हजार अजून टाका, मग गाडी उघडतो." फोनवर ठरले होते 32,000, 'सगळं धरून'. भाव सांगणारी मुलगी आता फोन उचलत नव्हती. पुण्यात सामान बांधून देणारा मुकादम म्हणाला, "ताई, आमचं काम लोडिंगपर्यंतच." आणि ड्रायव्हरला आमचा भाव काय ठरलाय हेच माहीत नव्हतं.

या धंद्यात भाव सांगणारा एक, सामान उचलणारे दुसरे आणि गाडीवाला तिसरा, हे मला तिथे उभं राहून समजलं. बहुतेक भांडणं या तिघांच्या मधल्या फटीत सुरू होतात. ती फट कागदाने बुजवायची असते, आणि तीही सामान घरातून हलायच्या आधी.

फोनवर 'टू बीएचके' सांगून भाव घेऊ नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टू बीएचके म्हणजे किती सामान, हे कुणालाच ठाऊक नसतं. एका घरात सोफा आणि दोन पलंग, तर दुसऱ्या घरात वीस वर्षांचा माळा भरलेला. माणसाला घरी बोलवा. ते जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली दाखवा. माळा, गॅलरीतल्या कुंड्या, पलंगातले खण, जिन्याखालची सायकल, इन्व्हर्टरची बॅटरी, सगळं दाखवा. दाखवलेल्या सामानाची यादी त्यांच्या कोटेशनमध्ये आली पाहिजे.

यादीइतकंच दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आणि गाडी कुठपर्यंत येते हेही महत्त्वाचं. फाटकापासून इमारत लांब असली, मोठ्या गाडीला आत सोडत नसले किंवा सामानासाठी लिफ्ट वापरू देत नसले, तर हमालांचे कष्ट दुप्पट होतात आणि तो पैसा शेवटी तुमच्याकडेच मागितला जातो. त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी परवानगीचं पत्र लागतं, रविवारी सामान हलवू देत नाहीत किंवा ठराविक वेळेनंतर गाडी आत घेत नाहीत.

कोटेशनवर पॅकिंगचं साहित्य, चढवणं-उतरवणं, मजले, टोल, जीएसटी, पलंग सोडवून पुन्हा जोडायला सुतार आणि टीव्हीसाठी लाकडी खोकं ही प्रत्येक गोष्ट 'धरून' की 'वेगळी', ते लिहून घ्या. 'ऑल इन्क्लुझिव्ह' या दोन शब्दांवर मी विसंबले आणि तीच माझी चूक ठरली.

पूर्ण गाडी तुमची आहे की इतरांच्या सामानासोबत तिचा एक भाग, हेही विचारा. भागात सामान जात असेल तर ते वाटेत एखाद्या गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवलं जाऊ शकतं. त्यात वावगं काही नाही, पैसेही वाचतात. पण मग दिवस वाढतात, सामानाला जास्त हात लागतात, आणि प्रत्येक खोक्यावर नाव व क्रमांक असणं गरजेचं होतं.

नाव मोठं आहे म्हणून कागद न बघणं

नामांकित कंपनीच्या नावाला एखादा शब्द जोडून चालवलेल्या कंपन्या बऱ्याच आहेत. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक घ्या. तो 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. कोटेशनवरचं नाव, तिथलं नाव आणि ज्या खात्यावर आगाऊ रक्कम मागतात त्याचं नाव, तिन्ही जुळली पाहिजेत. एखाद्या माणसाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत असतील तर तिथेच थांबा.

रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठी 2007 चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचा नोंदणी क्रमांक मागा. सामान चढल्यावर बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची वाहतूकदाराची पावती, हातात पडल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क', म्हणजे धोका सामानाच्या मालकाचा, असं छापलेलं असेल तर नुकसानीच्या वेळी ते तुमच्यासमोर धरलं जाईल. सामानाची किंमत आधी लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित राहते, म्हणून ती जाहीर करा. 'इन्शुरन्स' म्हणून टक्केवारी घेतली जात असेल तर विमा कंपनीच्या पॉलिसीचा कागद मागा. बिलावरची नुसती एक ओळ म्हणजे विमा नव्हे.

'चेकपोस्टवर टॅक्स भरावा लागला' हे कारण कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्यांच्या सीमेवरची कराची नाकी उठली, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्यातून, सूट आहे.

माणसांशी वागताना

सामान बांधायला येणारी मुलं बहुधा रोजंदारीवर असतात. सकाळी एक घर उतरवून दुपारी तुमच्याकडे आलेली असू शकतात. भाव त्यांनी ठरवलेला नसतो, म्हणून पैशाचा वाद त्यांच्याशी घालू नका. मॅनेजरला त्यांच्यासमोर स्पीकरवर फोन लावा आणि जे ठरेल ते तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

आमच्याकडे मी, नवरा आणि सासूबाई अशा तिघांच्या तीन सूचना चालल्या होत्या. आधी स्वयंपाकघर की आधी पुस्तकं? मुलं गोंधळली, आणि त्या गडबडीत बरणीचं खोकं खाली आणि मिक्सरचं वर गेलं. घरातल्या एकानेच बोलावं, आणि मुकादमाशी बोलावं. काम सुरू होण्याआधी त्याला पाच मिनिटं घरभर फिरवून नाजूक काय, जड काय ते दाखवा. ही पाच मिनिटं दिवसभर कामी येतात.

प्यायला पाणी, चहा, हात धुवायला जागा, दुपार झाली तर पोळी-भाजी किंवा वडापाव हे आपणहून विचारावं. तीन मजले कपाट उतरवणाऱ्या माणसाच्या पाठीवर काय ताण येतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बक्षीस द्यायचं असेल तर काम झाल्यावर आणि प्रत्येकाच्या हातात द्या. काम अर्धं टाकून 'चहापाणी' मागितलं जात असेल तर मात्र नाही म्हणा आणि मॅनेजरला कळवा.

दागिने, घराची कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं स्वतःजवळच ठेवा. खोक्यांवर क्रमांक घालून वहीत लिहा, फर्निचरचे फोटो काढा, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन टिपून घ्या. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून कोरडा करा, तो उभाच नेऊ द्या आणि पोचल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू करा. गॅसचा सिलिंडर गाडीत टाकू नका. वितरकाकडे जमा करून कागद घ्या.

गाडी अडवून धरली तर

आधी घाबरून पैसे भरू नका. कोटेशनचा फोटो आणि बिल्टी मॅनेजरला पाठवून लेखी उत्तर मागा. वाहतुकीसाठी सोपवलेलं सामान बळकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(3) खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे शांतपणे सांगा, आणि तरीही दार उघडत नसेल तर 112 लावा. पोलीस 'हा पैशाचा वाद आहे' म्हणू शकतात, म्हणून ठरलेल्या भावाचा कागद हातात हवा. पैसे देणं भागच पडलं तर बँकेतून द्या आणि 'ही रक्कम मला मान्य नाही, सामान सोडवण्यासाठी देत आहे' असं त्याच क्षणी लिहून पाठवा.

सामान उतरल्यावर पोचपावतीवर सही करताना फुटकं-तुटकं त्याच कागदावर लिहा. जागा नसेल तर मागच्या बाजूला लिहून फोटो काढा. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत पोचावी लागते. सामान मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे, इथे पुष्कळांची गफलत होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि तेही तुम्ही आता जिथे राहता तिथे. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

आमची गाडी रात्री साडेनऊला उघडली. मॅनेजरशी दोन तास बोलणं झालं आणि साडेअकरा हजारांचे अडीच हजार झाले. ते मी दिले, कारण माळ्याखालचं लोखंडी कपाट मी फोनवर सांगितलं नव्हतं आणि ते चार जणांनी उचललं होतं.