ताओर्मिनात एका दिवसासाठी जाताय? या चुका टाळा

सिसिलीतलं ताओर्मिना नकाशावर समुद्राला चिकटलेलं दिसतं आणि तिथेच फसगत होते. ताओर्मिना-जार्डिनी स्टेशन समुद्रकाठी, पण गाव त्याच्या डोक्यावर, सुमारे २०० मीटर उंचीवर. "दोन-चार किलोमीटर तर आहे" म्हणत आम्ही पाठीवर सॅक टाकून चालायला लागलो. रस्ता वळणावळणाचा, फूटपाथ नावापुरता, बस अंगाला घासून जाणारी. तिसऱ्या वळणावर बायकोने सॅक कठड्यावर टेकवली आणि "तू हो पुढे, मी गाव इथूनच बघते" असं जाहीर केलं.

गावात जाणारी बस स्टेशनसमोरूनच सुटते. तिची वाट बघा, तोवर स्टेशनचं रंगवलेलं छत बघण्यासारखं आहे. थांब्यावरच्या वेळापत्रकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्यातला 'फेरियाले' हा शब्द नीट वाचा. वाटतो सुट्टीचा, पण अर्थ कामाचा दिवस. रविवार आणि सणवारांसाठी शब्द 'फेस्तिवो'. यात घोळ झाला की तासभर थांब्यावर बसायची वेळ येते.

भाड्याची गाडी असेल तर ती जुन्या गावात घालायच्या भानगडीत पडू नका. ठरावीक गाड्यांनाच परवानगी असते, दंडाची पावती मागाहून घरी येते. लुंबी किंवा पोर्ता कातानियाच्या पार्किंगमध्ये गाडी लावा आणि मोकळे व्हा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. बहुतेक जण आधी समुद्रावर जातात, मग भर दुपारी वर येऊन प्राचीन थिएटरच्या तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. नेमकं उलट करा. ग्रीकांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात डोंगर खोदून हे थिएटर केलं, पुढे रोमनांनी ते जवळपास नव्याने बांधलं. आज रंगमंचामागच्या विटांच्या भिंतीला मधोमध खिंडार आहे आणि त्यातून एटना ज्वालामुखी आणि नाक्सोसचा उपसागर दिसतो. गंमत अशी, की रोमन प्रेक्षकांना हे दृश्य दिसतच नव्हतं, भिंत आड होती. आपण ज्याचे फोटो काढतो ती पडझडीची कृपा!

एटना इथून नैर्ऋत्येला. सकाळी ऊन त्याच्या अंगावर पडतं, माथ्यावरचा धूरसुद्धा वेगळा दिसतो. दुपारनंतर सूर्य त्याच्या बाजूला सरकतो, ढगही जमतात, आणि फोटोत नुसता पांढुरका पडदा येतो. म्हणून दार उघडताच आत जा आणि आधी सगळ्यात वरच्या पायऱ्या गाठा. गटांच्या बस येईपर्यंत तिथे शांतता असते. उन्हाळ्यात संध्याकाळी कार्यक्रम असतात, तेव्हा मंचावर लोखंडी सांगाडे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतील. त्याला इलाज नाही, वरून पाहिलं की कमी खुपतात. झिजलेले दगड गुळगुळीत असतात, तेव्हा चप्पल नको, पकड असलेले बूट घाला.

उन्हं तापली की व्हिला कोमुनाले या बागेत सावलीला बसा. ताओर्मिनाच्याही वर डोंगरावर असलेलं कास्तेलमोला गावही पाहायचं असेल तर वर बसने जा आणि उतरताना पायऱ्यांची वाट धरा. उलट करणाऱ्यांचे चेहरे आम्ही उतरताना पाहिले आहेत.

खाली समुद्रात असलेल्या इझोला बेल्ला या छोट्या बेटाच्या किनाऱ्यावर मात्र फार उशिरा जाऊ नका. मागे पश्चिमेला डोंगर आहे, त्यामुळे किनाऱ्यावर सावली लवकर येते. आणि तिथे वाळू नाही, गोटे आहेत. पाण्यात घालायच्या रबरी चपला सोबत हव्यातच.

जेवणाचं म्हणाल तर दुपारी तीननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, ते संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत. शाकाहारी मंडळींनी आरांचिनो (भाताचा तळलेला गोळा) दिसायला बटाटेवड्यासारखा आहे म्हणून उचलू नये, 'राग्गू' म्हणजे आत खिमा. वांग्याची 'पास्ता आल्ला नोर्मा' मागा. बिलात 'कोपेर्तो' दिसला तर भांडू नका, तो टेबलावर बसण्याचा माणशी आकार असतो, मेन्यूवर बारीक अक्षरांत छापलेला. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायलात तर बरीच स्वस्त पडते. ग्रानिता (बर्फाळ गोड पदार्थ) मात्र ब्रिओश या मऊ पावासोबत बसूनच खावी, तिथे काटकसर नको.

शेवटची बस चुकलीच, तर केबल कार दिसते आणि जीव भांड्यात पडतो. ती काही मिनिटांत खाली उतरवते खरी, पण समुद्रकाठच्या मात्सारोला, स्टेशनला नाही. तिथून स्टेशन आणखी बरंच लांब, तेही वाहत्या हमरस्त्याच्या कडेने. अंधारात ती पायपीट करू नका. टॅक्सी वरूनच ठरवा, आणि बसण्याआधी भाडं विचारून घ्या.