ठशाला दोष देण्याआधी: घरच्या कापड-छपाईत या चुका टाळा

ठसा उचलून बघावं तर कोयरीच्या कडा छान उमटलेल्या आणि पोट मात्र पांढरंफटक. मग आपण रंग वाढवतो, पुढच्या वेळी मुठीने दणका देतो. आता पोट भरतं, पण कडेची नाजूक जाळी रंगाने बुजून जाते. शेवटी निष्कर्ष एकच: ठसा भिकार आहे. मीही पहिलं वर्षभर ठशांनाच शिव्या घातल्या. खरी गडबड बहुतेक वेळा ठशाच्या खाली असते, म्हणजे कापडात नाहीतर टेबलात.

टेबलापासूनच सुरू करते. डायनिंग टेबलावर कापड पसरून छापायला बसणं ही सगळ्यात मोठी चूक. लाकडी ठसा कधीच शंभर टक्के सपाट नसतो, त्यामुळे खालची बाजू थोडी दबणारी हवी. घोंगडीची किंवा जाड चादरीची दोन-तीन पदरी घडी, तिच्यावर ताणून बसवलेलं जुनं सुती कापड, एवढं पुरतं. उत्साहाच्या भरात कोणी गादीवर छापायला जातं, तेही नको. फार मऊ बैठकीत ठसा रुततो, कोरलेल्या खाचांचा तळ कापडाला टेकतो आणि नक्षीभोवती डाग पडतात. तळहाताने दाबल्यावर जरा दबावं, पण बोट रुतू नये, हा माझा हिशेब. बैठक नीट करूनही मधलं पोट उमटत नसेल, तर ठसा काचेवर पालथा ठेवून बघा. डुगडुगला तर तो वाकलाय.

आणि तो वाकतो बहुतेक वेळा आपल्याच हाताने. छपाई झाली की ठसे बादलीत बुडवून जेवायला जायचं, नंतर उन्हात वाळवायचे. सागवान असो की शिसवी, लाकूडच ते. गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरला ठसे कोरण्याचा पिढीजात धंदा आहे; तिथल्या पद्धतीत नवा ठसा वापरण्याआधी बरेच दिवस तेलात मुरवतात, ते उगाच नाही. घरी एवढंच करा: काम संपल्याबरोबर जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली धुवा, झटका, सावलीत कडेवर उभा करून वाळवा, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा.

आता कापड. दुकानातून आणलेल्या मांजरपाटाला खळ असते. तिच्यावर छापलं तर रंग खळीवर बसतो, धाग्यावर नाही, आणि पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. गार पाण्यातून पिळून काढणं म्हणजे खळ काढणं नव्हे. रात्रभर भिजत घाला, मग साबणाच्या कढत पाण्यात उकळून स्वच्छ खळबळवा. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाका. चटकन शोषला गेला तर कापड तयार, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला यावर विसंबू नका. एक धागा उपसून चिमट्यात धरून जाळा. सुताला जळत्या कागदाचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतं.

रंगाच्या चुका त्या मानाने साध्या. रंग घट्ट वाटला म्हणून पाणी घालू नका, नक्षीभोवती तो फाकतो. गडद हवा म्हणून बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या लगद्यात, रंग ओतत सुटू नका. शंभर ग्रॅम बाइंडरला पाचेक ग्रॅमपासून सुरुवात करा. बाइंडरला झेपेल त्याहून जास्त झालेला रंग इस्त्रीनंतरही बोटाला लागतो. ट्रेमध्ये स्पंज आणि त्यावर मलमलीचा तुकडा ठेवा. ठसा त्यावर दोनदा हलकेच टेकवायचा, दाबायचा नाही. एप्रिल-मेमध्ये चहाला उठलात तर ठसा ओल्या फडक्यावर पालथा ठेवून जा, नाहीतर खाचांतला रंग वाळून बसतो.

दोन-तीन रंगांचं काम असेल तर क्रम चुकवू नका. राजस्थानातले छिपे, म्हणजे पिढीजात कापड छापणारे, रेषेच्या ठशाला रेख, पार्श्वभूमीच्या ठशाला गद आणि आतला रंग भरणाऱ्याला दत्ता म्हणतात. आपण नवखे लोक दत्ताचे रंग बघून भुलतो आणि आधी तेच छापतो. मग रेख कुठे बसवायची, हा घोळ.

नैसर्गिक रंगांकडे वळणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. राजस्थानातल्या बगरूच्या पद्धतीत कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात. मग गूळ आणि गंजलं लोखंड आंबवून केलेलं पाणी चिंचोक्याच्या खळीत घट्ट करून छापलं की काळा रंग येतो. तुरटीने छापलेला भाग नंतर मंजिष्ठेत किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळांत उकळला की लाल होतो. इथली नेहमीची चूक म्हणजे दोन्हींना एकच चमचा, एकच ब्रश. लोखंडाचा अंश तुरटीत गेला की लालाचा मळकट जांभळा-तपकिरी झालाच. लोखंडी कढईही नको, आणि बोअरच्या पाण्याकडे संशयाने बघा. कच्छमध्ये 2001च्या भूकंपानंतर धमडका गावाच्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण बिघडलं, तेव्हा अजरख ही तिकडची ठशांची छपाई करणारी कित्येक कुटुंबं तिथून उठली आणि त्यांनी अजरखपूर वसवलं. पाण्यापायी गाव सोडलं, म्हणजे बघा! काळा अजून काळा व्हावा म्हणून लोखंडाचं पाणी जहाल करण्याचाही मोह होतो. त्याने सूत कमजोर होतं आणि काही वर्षांनी नेमकी काळी नक्षीच विरते.

बाइंडरच्या छपाईत शेवटी घाई नडते. छापलेलं कापड पूर्ण एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन. मग उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून, सुती कापडाच्या तापमानावर प्रत्येक भागावर तीन-चार मिनिटं इस्त्री फिरवा. अख्ख्या ओढणीला हात भरून येतो, म्हणून लोक मधेच सोडतात आणि नंतर रंग गेला म्हणून रडतात. पहिलं धुणं दोन-तीन दिवसांनी, गार पाण्यात.

काम करताना रंगाचं बोट लागलंच, तर डाग ओला असतानाच साबणाने चोळा. वाळला की तो निघत नाही. मग एकतर त्यावर छोटी बुट्टी छापायची, नाहीतर तेवढा भाग कापून पिशवी शिवायची. माझ्या पहिल्या पलंगपोसाच्या नऊ पिशव्या झाल्या. त्यांतल्या चार अजून मंडईत जातात.