करिअर-भेटींना निघण्याआधी

मुलांना कारखाना, रुग्णालय, अंगणवाडी दाखवायला न्यायच्या या भेटींचं पहिलं काम आपण प्राध्यापकांनी वर्गातच उरकायचं आहे. बी.एस्सी. फूड सायन्स अँड न्यूट्रिशनच्या दुसऱ्या वर्षाला ‘पुढे काय?’ विचारलं, की बहुतेक हात ‘डाएटिशियन’ला वर होतात, उरलेले ‘बघू’वाले. म्हणून भेटींची ठिकाणं ठरवण्याआधी प्रत्येकाकडून एक कागद लिहून घ्या: आठ तास उभं राहून काम जमेल का, रात्रपाळी चालेल का, आजारी माणसाशी बोलायला आवडेल की प्रयोगशाळेत गप्प बसायला, जिल्हा सोडायची तयारी आहे का. घरच्यांचं मत वेगळ्या रकान्यात. मार्कांचा रकाना ठेवूच नका.

मग कॅलेंडर उघडा. इथेच बहुतेक विभागांचं गणित चुकतं. भेटीची परवानगी मागणारं आपलं पत्र कॉलेजच्या सोयीने जातं, कारखाना मात्र पिकाच्या सोयीने चालतो. कोकणातले आंबा पल्पचे कारखाने एप्रिल-मेमध्ये भरात असतात आणि आपल्या परीक्षा नेमक्या तेव्हाच. तासगावकडची बेदाण्याची शेड पाहायची तर फेब्रुवारी-मार्च. उसाचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं. ऑगस्टमध्ये पल्पच्या कारखान्यात नेलं तर मुलं धुऊनपुसून ठेवलेली यंत्रं पाहून येतात आणि ‘छान होतं’ असा अहवाल लिहितात. हंगाम जुळतच नसेल तर सरळ दूध संघ धरा, दूध बारा महिने येतं.

दूध संघात सकाळची वेळ मागून घ्या, संकलनाचं दूध उतरत असताना. हल्ली मिल्क ॲनालायझर मिनिटभरात आकडे देतो, तरी फॅट मोजायची जुनी गर्बर पद्धत दाखवाल का, असं पत्रातच विचारा. १० मिलि सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिलि दूध, १ मिलि अमाइल अल्कोहोल. बूच लावून ब्युटायरोमीटर (हे सगळं ज्यात ओततात ती खुणा केलेली काचनळी) हलवला की काच हातात धरवत नाही इतकी तापते, म्हणून तो फडक्यात गुंडाळून धरतात. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, काढल्यावर नळीत फॅटचा पिवळसर थर दिसतो. त्या फॅटवर आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) शेतकऱ्याचा दर ठरतो, हे त्याच टेबलापाशी सांगा. वर्गात ‘क्वालिटी कंट्रोल’ म्हटलं की डुलक्या काढणारी मुलं तिथे पुढे सरकतात.

कारखान्याला जाण्याच्या आदल्या दिवशी सूचना पुन्हा वाचून दाखवा: अंगठी, बांगड्या, घड्याळ घरी, नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अत्तर नाही, बूट बंद. सर्दी किंवा जुलाब झालेल्याने यायचं नाही, आणि तसं सांगितल्याबद्दल त्याची हजेरी कापायची नाही, नाहीतर कोणी सांगणारच नाही. फोटोची परवानगी आधी विचारा. जाण्यापूर्वी प्रत्येकाने घरातलं एक पाकीट आणून एफएसएसएआयचा (देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांचा क्रम आणि पोषणमूल्यांचा तक्ता वाचलेला असावा. लेबल तपासणं हीसुद्धा नोकरी आहे, हे मुलांना माहीतच नसतं.

रुग्णालयात मोठा घोळका नेऊ नका, चार-पाच जण पुरे. किडनीच्या रुग्णाची भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून का टाकतात, याचं उत्तर मुलांनी आधी शोधून आणायचं (पोटॅशियम पाण्यात उतरतं म्हणून, पण ते तुम्ही सांगू नका). रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायचं तर पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा लागते. हे तिसऱ्या वर्षाच्या निरोप समारंभात नव्हे, आत्ताच सांगायचं.

अंगणवाडीची भेट यादीतून गळू देऊ नका. ती फुकट असते म्हणून तिला कोणी भाव देत नाही. सेविकाताईंकडून दंडघेर मोजायला शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी भरला तर ते सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषणात. जवळच्या प्राथमिक शाळेत पोषण आहाराच्या पातेल्यापाशी उभं राहून एका मुलाच्या ताटात ठरलेल्या ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं खरंच भरतात का, याचा हिशोब मुलांना करू द्या. सार्वजनिक पोषणाचं काम कोणाला मानवेल, ते तिथे लगेच कळतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायचं असेल तर क्लास लावण्याआधी जाहिरातीतली पात्र पदव्यांची यादी शब्दशः वाचा आणि आपल्या पदवीचं नाव तीत आहे का पाहा. हैदराबादच्या एनआयएनचा (राष्ट्रीय पोषण संस्था) एम.एस्सी. अप्लाइड न्यूट्रिशन, मैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था), मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय यांचे प्रवेशाचे नियम आणि तारखा काढून फलकावर लावा. त्या दरवर्षी नव्याने पाहायच्या. गेल्या वर्षीचा कागद फलकावर राहिला तर फसगत ठरलेली.

शेवटी माजी विद्यार्थी. नुसत्या यशस्वी ताईदादांना बोलावू नका. डाएट क्लिनिक बंद करून मसाल्याच्या कंपनीत लागलेली मुलगीही बोलवा. भाषणाला पंधरा मिनिटं, प्रश्नांना पाऊण तास. आणि त्या पाऊण तासात आपण प्राध्यापकांनी स्टाफरूममध्ये चहा घ्यायचा. पगाराचे खरे आकडे आपल्यासमोर कोणी विचारत नाही.