सायगॉनमध्ये रस्त्यावर खा, पण दुपारचं 'बान मी' सँडविच नको

व्हिएतनामच्या या शहरात नव्याने आलेली आपली मंडळी पहिला महिना पाण्याला आणि बर्फाला घाबरण्यात घालवतात आणि आजारी पडतात भलत्याच गोष्टीने. नळाचं पाणी इथले लोकही उकळल्याशिवाय पीत नाहीत, तो विषय संपला. बर्फाचं म्हणाल तर कॉफीत मधोमध भोक असलेले गोल तुकडे येतात. ते कारखान्यात बनून पोत्यांतून मोटरसायकलवर दुकानोदुकानी पोचतात, ते खुशाल घ्या. लादी फोडून केलेला चुरा मात्र टाळा.

भीती बाळगायची ती कोमट अन्नाची. फोच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या सूपच्या, पातेल्याखालचा जाळ तासन्‌तास बंद होत नाही आणि वाडग्यात उकळता रस्सा तुमच्या डोळ्यांदेखत ओतला जातो. मांसाचे काप शिजलेलेच मागा. कच्चे काप रस्सा ओतल्यावरही अर्धवट गुलाबी राहतात. शेजारच्या ताटलीतली पानं आणि मुगाचे मोड वाडगा समोर येताच रस्शात बुडवा, निवल्यावर बुडवून उपयोग नाही. जिथे सकाळी सातला ऑफिसवाले बुटक्या स्टुलांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेत आणि दहाला पातेलं खरवडलं जातंय, तिथे बसा. पाच भाषांतला मेनू लावलेली गाडी सोडून द्या.

आता बान मी. इथे मी हट्टी आहे. पावाला काही होत नाही, बिघडतं ते आतलं: लिव्हरचं पाटे (वाटून केलेला लेप) आणि कच्च्या अंड्याच्या बलकाचं मेयोनीज. काचेच्या पेटीत दोन्ही उघडीच, बाहेर पस्तीस अंश. 2023 च्या सप्टेंबरात होई आन शहरात एका नावाजलेल्या दुकानाच्या बान मीने तीनशेहून जास्त लोक आजारी पडले, त्यांत परदेशी पर्यटकही होते. 2024 मध्ये दोंग नाय प्रांतात लाँग खान्हला एकाच दुकानामुळे पाचशेच्या वर. म्हणजे दुकानाचं नाव, बाहेरची रांग, इंटरनेटवरचे तारे, कशाचाच भरवसा नाही. सकाळी घ्या, तिथेच उभं राहून खा. तव्यावरचं ऑम्लेट थेट पावात घालून घ्या, पाटे आणि मेयोनीज नको म्हणा. संध्याकाळच्या बससाठी बॅगेत ठेवू नका. पुन्हा सांगतो, बॅगेत ठेवू नका. दरवर्षी कोणीतरी ठेवतंच आणि मग मला रात्री फोन येतो.

शाकाहारी लोकांनो, 'नुसत्या भाज्या घाला' सांगून भागत नाही. रस्सा हाडांचा असतो, चटणीत नुक माम, म्हणजे माशांचा सॉस. 'चाय' (म्हणजे शाकाहारी) लिहिलेली पाटी शोधा. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस सोडतात, त्या दिवशी या दुकानांत उभं राहायला जागा नसते, म्हणून माल ताजा. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो, जैन मित्रांना आवर्जून सांगा. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर जपा, कूट कशावरही भुरभुरतात: दक्षिणेत शेंगदाण्याला दाऊ फोंग म्हणतात, उत्तरेत लाक.

कच्च्या रक्ताचं तिएत कान्ह कोणी कितीही आग्रह केला तरी नाही.

आणि एक कडू गोष्ट. महिनाभर भारतीय बफेशिवाय काही न खाणारे आपलेच लोक पोट बिघडलं की व्हिएतनामला नावं ठेवतात. पण चार तास ट्रेमध्ये कोमट होत बसलेली पनीरची भाजी कोणी खाल्ली होती? गाडीवरचा वाडगा त्यापेक्षा कितीतरी बरा.

जुलाब लागलेच तर औषधाच्या दुकानात 'ओरेसोल' म्हणा, ओआरएसची पुडी लगेच मिळते. ताप आला किंवा रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

चॉपस्टिक्स आणि चमचा टिश्यूने पुसूनच वापरा, इथले लोकही पुसतात, कोणाला राग येत नाही. टेबलावरचा ओला नॅपकिन फोडलात तर त्याचे दोन-तीन हजार दोंग बिलात लागतात. दहा रुपयांच्या आसपासची ती रक्कम, त्यावरून मावशींशी हुज्जत घालू नका.