चूल धुपतेय? आधी जळतण बघा, मग गवंड्याला बोलवा

घरात गॅस आला तरी खानदेशात चूल काही गेली नाही. मागच्या पडवीत ती असतेच. मांडे खापरावरच होतात आणि खापराला चूलच लागते. भरताची वांगी गॅसवर भाजली की जाणत्या माणसाला पहिल्या घासाला कळतं. शिवाय काही हिवाळ्यांत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा अंघोळीचा बंब आणि शेतावरच्या खोलीतली चूल दोन्ही पेटतात. हल्ली काहींनी फार्महाऊसमध्ये विटांचं धुराडं बांधून शेकायची सोय केली आहे. तक्रार मात्र सगळीकडे एकच: ‘चूल धुपी ऱ्हायनी व माय’, म्हणजे चूल नीट न पेटता नुसता धूर सोडतेय. मग चुलीला नावं ठेवायची, ती फोडायची आणि नवी बांधायची. नवीही धुपते, कारण दोष बहुतेक वेळा चुलीत नसतोच.

धूर म्हणजे न जळालेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. त्यांना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर त्यांची ज्वाळा होते, नाही मिळाली तर धूर. चुलीच्या निम्म्याहून जास्त तक्रारी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

ओलं लाकूड

ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. जाळायला ते वीस टक्क्यांच्या आत हवं. पाणी जास्त असेल तर आगीची ताकद आधी ते उकळण्यातच जाते आणि चूल तापतच नाही. बाभूळ इथे हमखास फसवते. साल वाळलेली, रंग उतरलेला, आणि आत ओल तशीच. ओंडका फोडा आणि ताजी फोड गालाला लावून बघा. गार लागली तर अजून वाळायचं आहे. दोन फाटी एकमेकांवर आपटा. वाळलेली खणखणतात, ओली ठप्प वाजतात. वाळलेल्या फाट्याच्या तोंडाला उभ्या भेगा पडलेल्या दिसतात. आणि एवढं करूनही चुकून ओलं चुलीत गेलंच, तर ते स्वतःच सांगतं: एक टोक जळत असतं आणि दुसऱ्या टोकातून सूं सूं करत फेस येतो.

पौष-माघात तोडलेलं लाकूड लगेच फोडून ठेवा. जळगाव-भुसावळचा चैत्र-वैशाख म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. असं फुकटचं वाळवण दुसरीकडे कुठे मिळायचं? मनगटाएवढी फाटी पावसाच्या आत तयार होतात. जाड ओंडके न फोडता ठेवले तर त्यांना आणखी एक उन्हाळा द्यावा लागतो.

रचतानाही चूक होते. लाकडं भिंतीला टेकवून थेट जमिनीवर रचायची आणि वरून खालपर्यंत ताडपत्री गुंडाळायची, म्हणजे ओल आतच कोंडली. खाली विटा घालून रास वीतभर उचला, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. पावसाळ्यात रास भिंतीपासून लांब हवी आणि पहिलं फाटं काठीने हलवूनच उचलायचं. विंचू तिथेच सापडतात.

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांची, गोष्ट वेगळी. ती लवकर वाळते, भडकन पेटते आणि तशीच संपते. म्हणून ती भरताला उत्तम, खोली ऊबदार करायला कुचकामी. भरीत करताना काहीजण कणीस भाजताना बघतात तशी निखाऱ्यांची वाट बघत बसतात. वांग्याला काड्यांची ज्वाळा हवी आणि ते सारखं फिरवत राहायला हवं, नाहीतर साल करपते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो. दुसरी गोष्ट शेतकऱ्यांना ठाऊक आहे तरी होते: पऱ्हाटीचे भारे पुढच्या पेरणीपर्यंत बांधावर पडून राहतात. त्यातल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पऱ्हाटी जाळायचीच असेल तर पावसाच्या आत संपवा.

पेटवायला काय घालता?

जुन्या ठिबकच्या नळीचा तुकडा, खताच्या गोणीची चिंधी, दुधाची पिशवी. रावेर-यावलकडे केळीमुळे ठिबकच्या नळ्यांना तोटा नाही आणि त्या पेटतातही झटकन. पण त्या धुरात भाकरी भाजायची? पीव्हीसी पाइप जळताना तर घशाला झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो. रंग दिलेली फळी आणि प्लायवूडही नको, फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली तर नकोच नको. कुंपणाची कण्हेर छाटली तर तिच्या फांद्या सरपणात टाकू नका. तिचं झाड विषारी आणि धूरही. सलईत डिंकासारखी राळ असते, ती काजळी धरते. पेटवायला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणि वाळकं पाचट पुरतं.

हवा

चुलीचं तोंड लाकडांनी ठासून भरलं की हवा जायला वाटच उरत नाही. अर्धं तोंड मोकळं ठेवा. लाकडं राखेत रुतलेली नसावीत. खाली जाळी असेल तर ती रोज मोकळी करा. फुंकणी ज्वाळेवर मारू नका, निखाऱ्यांच्या बुडाशी मारा.

धुराड्याची चूल असेल तर ‘सुरुवातीची दहा मिनिटं धूर खोलीत येतो’ ही तक्रार ठरलेली. धुराड्यातली थंड हवा जड असते, ती खाली दाबते. आधी मूठभर पाचट पेटवून धुराड्याच्या खालच्या तोंडाशी धरा. ज्वाळा वर ओढली जायला लागली की चूल पेटवा. तरीही धूर उलटा येत असेल तर स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद करून बघा. दारं-खिडक्या बंद असतील तर हा पंखा धुराड्यातूनच हवा ओढतो आणि धूर घरात येतो. नव्या घरांत हे फार दिसतं. गवंडी येतो, धुराडं पाहतो, पैसे घेतो, आणि पंखा तसाच फिरत राहतो.

तिसरं कारण उंची. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात धूर पूर्वी साण्यातून, छताला ठेवलेल्या भोकातून, जायचा. आता तिथे पाइप बसवतात आणि तो कठड्याच्याही खाली ठेवतात. कठड्यावरून येणारा वारा मग थेट त्याच्यात शिरतो. धुराडं छताच्या वर किमान तीन फूट हवं आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, म्हणजे कठडा, टाकी, शेजारची भिंत, त्याच्याहून दोन फूट वर. वरच्या टोपीला जाळी लावा, नाहीतर पाखरं घरटं करतात.

काजळी

हाताला लागणारी भुरभुरीत काजळी सोपी असते, ब्रशने निघते. खरी भीती चकचकीत, डांबरासारख्या चिकट थराची. ओल्या लाकडाचा धूर थंड धुराड्यात गोठून तो बनतो आणि तो स्वतः पेट घेतो. थर तीन मिलिमीटर झाला की साफसफाई टाळू नका. दिवाळीच्या साफसफाईत धुराडंही धरा, आणि हिवाळाभर रोज चूल पेटत असेल तर मध्ये एकदा. रात्रभर निखारे राहावेत म्हणून हवा बंद करून चूल धुमसत ठेवायची सवय असेल, तर हा थर कुठून येतो ते वेगळं सांगायला नको.

धुराड्यातून आगगाडीसारखा घरघराट आला, वरून ठिणग्या उडाल्या, तर आत आग लागली आहे. चुलीचं तोंड पत्र्याने बंद करा, माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा. धुराड्यात पाणी ओतू नका. तापलेली वीट आणि पाइप तडकतात आणि आग बाजूला पसरते.

माती आणि बांधणी

शेतातली काळीभोर माती चिकट असते, म्हणून चुलीला तीच आणली जाते. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याचमुळे, मग चुलीलाही पडणारच. तिच्यात पांढरी माती, बारीक भुसा, शेण आणि थोडी राख मिसळा. सिमेंट तर आगीजवळ टिकतच नाही. नवी चूल सावलीत वाळू द्या आणि पहिले काही दिवस फक्त काटक्यांची छोटी आग करा. भेग दिसली की त्याच दिवशी लिंपा आणि पोतेरं फिरवा. त्या भेगेतून हवा आत येते आणि धूर बाहेर.

खानदेशातलाच आणखी एक धोका. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागतो. त्याच घरात चूल पेटत असेल तर एक ठिणगी पुरते. कापूस आतल्या आत धुमसतो, वरून दिसतही नाही. चुलीच्या खोलीत कापूस नको, आणि मधलं दार बंद हवं.

बंद खोलीतले निखारे

थंडीच्या रात्री घमेल्यात निखारे घेऊन, खिडक्या लावून झोपणं ही सगळ्यात जीवघेणी चूक. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून लोक निर्धास्त होतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. बंबाचंही तेच. बंद न्हाणीत पेटता बंब ठेवून अंघोळ करू नका. शेकायचं असेल तर दार उघडं ठेवून शेका, झोपताना निखारे बाहेर काढा. कुणाचं डोकं जड झालं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या.

राख

वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. प्लास्टिकच्या बादलीत भरून ती कडब्याच्या गंजीजवळ नेऊन टाकणं किती घरांत चालतं! झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, अंगणात, भिंतीपासून लांब. राख तिथे चार दिवस राहू द्या, मग भांड्यांना वापरा. शेतात टाकायची असेल तर जपून. राख अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते आणि आपली काळी जमीन बहुतेक ठिकाणी आधीच त्या बाजूला झुकलेली. थोडी राख उकिरड्यात शेणखतात मिसळली तर ठीक, केळीच्या बुंध्याशी घमेलं घमेलं ओतायची गरज नाही.