अ‍ॅनिमोन मलूल पडलाय? आधी पाणी तपासा
सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि त्यात लाईट गेली की खाऱ्या पाण्याच्या फिश टँकचं पाणी बघता बघता तापतं, माझा बबल टिप अ‍ॅनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) असाच मलूल पडला होता, तोंड उघडं, रंग उडालेला, हात लावला तर चिकटपणाच नाही. असं दिसलं की आधी पाणी तपासा. तापमान २५-२६ डिग्री, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५-१.०२६, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. बोअरचं पाणी अजिबात नको, आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलंच घ्या आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य बघूनच त्यात टँकसाठीचं समुद्री मीठ मिसळा. चिलर (पाणी थंड करणारं मशीन) नसेल तर पाण्यावर फॅन लावा, पण मग पाणी उडून खारटपणा वाढतो म्हणून रोज मीठ न घातलेलं आरओ पाणी टाकत राहा.

पांढरा पडलाय म्हणजे त्याच्या अंगातलं शेवाळ गेलंय, जे उजेडात अन्न बनवतं आणि ज्याच्यावर तो मुख्यतः जगतो. पण अशा अवस्थेत जास्त उजेड त्याला सोसत नाही, म्हणून टँकवरचा लाईट एकदम वाढवू नका, हळूहळू वाढवा. तोंड घट्ट मिटायला लागलं की मगच कोळंबीचा मटारच्या दाण्याएवढा तुकडा द्या, मोठा दिला तर ओकून टाकतो आणि अजूनच खचतो. दगडावरून ओढून काढू नका हो, पाय (दगडाला चिकटलेला खालचा भाग) फाटला की वाचणं अवघड. पंपाला मात्र जाळी बसवाच, तो रात्रीत फिरतो आणि पंपात ओढला जाऊ शकतो. आणि अंग विरघळून घाण वास यायला लागला तर जीव कितीही तुटला तरी लगेच बाहेर काढा, नाहीतर अमोनिया वाढून मासेपण जातात.

माझ्याला परत रंग यायला दोन-अडीच महिने लागले.